विडंबन आणि मूळ कविता : माधव जूलियन यांच्या निमित्ताने

थोर कवीची थट्टा केल्याने त्याची अप्रतिष्ठा होते काय, हा प्रश्न वाङ्मयाच्या अध्यापनात वारंवार उपस्थित होतो. त्याचा विचार करण्यास बडोद्याशी निगडित असे एक उदाहरण उपयुक्त ठरते.

माधव त्रिंबक पटवर्धन उर्फ माधव जूलियन यांचा जन्म १८९४ मध्ये बडोदे येथे झाला. फार्सीचे प्राध्यापक असलेल्या या कवीने गझल व रुबाई हे प्रकार मराठीत रुजविले. १९२५ साली त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी प्र. के. अत्रे यांचा ‘झेंडूची फुले’ हा विडंबनसंग्रह ‘केशवकुमार’ या नावाने निघाला. माधव जूलियन आणि रविकिरण मंडळातील इतर कवी हे त्याचे प्रमुख लक्ष्य होते.

विडंबनाची रीत अशी : वृत्त, शब्दकळा आणि सूर गंभीर कवितेचा ठेवायचा, विषय मात्र क्षुल्लक घ्यायचा. अत्र्यांच्या ‘परिटास’ या कवितेत प्रेमिकाची आर्तता परिटाच्या वाट्याला येते. हसू येते ते या विजोडपणामुळे. आणि मूळ सूर ठाऊक नसेल तर विजोडपणा जाणवतच नाही.

उर्दूत विडंबनास ‘तहरीफ’ म्हणतात. कन्हैयालाल कपूर यांनी गालिबला आधुनिक कवींच्या मजलिशीत आणून बसविले. ती गंमत दोन्ही काव्यपरंपरा वाचलेल्यासच पुरती कळते.

याउलट उदाहरण चीनमधील आहे. तू फू (७१२-७७०) या महाकवीच्या जन्मास १३०० वर्षे झाली त्या २०१२ साली, पाठ्यपुस्तकातील त्याच्या चित्रावर मुलांनी मोटारसायकल, बंदूक इत्यादी रेखाटले. ही चित्रे इंटरनेटवरून देशभर पसरली. त्यांत कवीचा चेहरा होता, कविता नव्हती.

आपल्या वर्गातही हाच धोका संभवतो. विद्यार्थ्यास केवळ विडंबन भेटले तर फार्सी-उर्दू शब्द हे मुळातच हास्यास्पद व परके आहेत असा त्याचा ग्रह होईल. वस्तुतः ‘हजर’, ‘जमीन’, ‘बाजार’ हे शब्द तो घरी रोज बोलतो. म्हणून आधी माधव जूलियन यांची एखादी गझल, नंतर तिच्यातील शब्दांची कुळकथा आणि शेवटी विडंबन, असा क्रम अध्यापकांनी ठेवावा. मग विद्यार्थी हसेल, पण समजून हसेल.