पडद्याबाहेरचे दिलीपकुमार

अमेरिकेची बालतारका शर्ली टेंपल मोठेपणी राजकारणात उतरली. १९६७ ची निवडणूक ती हरली, पण पुढे घाना आणि चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेची राजदूत झाली. आपल्या दिलीपकुमारांना असे पद कधी मिळाले नाही. काम मात्र त्यांनी राजदूताचेच केले.

युसूफ खान यांचा जन्म ११ डिसेंबर १९२२ रोजी पेशावरला, एका फळव्यापाऱ्याच्या घरी झाला. शाळा मात्र नाशिकजवळच्या देवळालीची. १९४४ च्या ‘ज्वार भाटा’पासून ते दिलीपकुमार झाले. १९६२ मध्ये त्यांनी मुंबईत कृष्ण मेनन यांचा प्रचार केला. पुढे ते मुंबईचे शेरीफ झाले आणि २००० ते २००६ राज्यसभेचे सदस्य होते.

१९९८ मध्ये पाकिस्तानने त्यांना ‘निशान-ए-इम्तियाज’ दिला. कारगिलच्या वेळी तो परत करा, अशी मागणी झाली आणि त्यांच्या देशप्रेमावर शंका घेतली गेली. त्याच काळातली एक हकिकत पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री कसूरी यांनी आपल्या पुस्तकात दिली आहे. पंतप्रधान वाजपेयी फोनवर नवाज शरीफ यांच्याशी बोलत होते. त्यांनी फोन युसूफसाहेबांच्या हाती दिला. दोन देशांत तणाव वाढला की भारतातल्या मुसलमानांचे जगणे कठीण होते, असे त्यांनी शरीफ यांना स्पष्ट सांगितले.

पण तुमच्या-माझ्या घरापर्यंत पोहोचलेले त्यांचे काम वेगळेच आहे. जालन्याचे शब्बीर अहमद अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. दिलीपकुमार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, महाराष्ट्रभर सभांना गेले. मोमीन, बागवान, पिंजारी, तांबोळी अशा कष्टकरी बिरादऱ्यांचा मागासलेपणा धंद्याचा आणि गरिबीचा आहे, धर्म पाहून तो नाकारू नका, ही त्यामागची भूमिका. डिसेंबर १९९४ मध्ये राज्य शासनाने त्यासाठी निर्णय काढला आणि मुस्लिम ओबीसींना दाखले मिळण्याची वाट मोकळी झाली.

त्या वाटेने आपण किती चाललो? दहावी-बारावीचा निकाल लागला की साक्रीतही पालकांची धावपळ सुरू होते. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ असते, बिरादरीचे नाव नसते. मग महसुली कागद, जुना जन्म-मृत्यू उतारा शोधत फिरावे लागते. तोवर प्रवेशाची तारीख निघून जाते, आणि हुशार मुलगी घरी बसते.

म्हणून मूल आठवीत असतानाच कागद शोधायला लागा. पहिलीत नाव घालताना जातीच्या रकान्यात आपल्या बिरादरीचे नेमके नाव लिहा. दाखला मिळाला की जातपडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअरचेही वेळेत पाहा.

७ जुलै २०२१ रोजी युसूफसाहेब अल्लाहला प्यारे झाले. त्यांचे चित्रपट मुलांना जरूर दाखवा, आणि घरातला तो दाखला कोणाच्या मेहनतीने मिळाला, हेही सांगा.