अनेक जुने आजार आणि जगण्याची प्रत

शुगर, बीपी, दमा, सांधेदुखी हे शब्द पूर्वी शहरातल्या माणसांचे मानले जात. आज जुन्नर-आंबेगावच्या कोणत्याही वाडीवस्तीवर ते ऐकू येतात, आणि बहुधा एकेकटे येत नाहीत. मधुमेहामागून रक्तदाब येतो, दोहोंमागून मूत्रपिंड किंवा हृदय तक्रार करू लागते. गुडघे तर आधीच गेलेले असतात. यांतले पुष्कळ आजार मुळापासून बरे होत नाहीत, ते सोबत घेऊनच जगावे लागते. मग ते जगणे कसे असावे? आम्ही डॉक्टर नाही, बँकेतले कारकून आहोत. पण वाचून आणि पाहून जे समजले ते समाजबांधवांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

‘जीवनमान’ म्हटले की आपल्याला घर, शेती, पगार आठवतो. जगण्याची प्रत ही निराळी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात ती मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. हे काम अनेक देशांत एकाच वेळी चालले होते आणि त्यात आपल्याकडील दिल्ली व मद्रास ही केंद्रे होती. आपल्या संस्कृतीत, आपल्या अपेक्षा आणि चिंता यांच्यासह माणसाला स्वतःला आपले जगणे कसे वाटते, हा त्या मोजणीचा पाया. तिच्या छोट्या आवृत्तीत २६ प्रश्न असून त्यांचे चार भाग आहेत: शरीर, मन, माणसांशी असलेले संबंध आणि भोवतालची परिस्थिती. या शेवटच्या भागात पैसा, सुरक्षितता, वाहन, दवाखाना हे सारे येते. म्हणजे रक्त तपासून आलेला आकडा चांगला आणि जगणे मात्र वाईट, असे होऊ शकते. उलटही होऊ शकते.

याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे काम चालते. तेथील गावांत २००७ च्या सुमारास, जागतिक आरोग्य संघटनेच्या एका मोठ्या पाहणीचा भाग म्हणून, पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना घरोघर जाऊन विचारण्यात आले. वय वाढते तसे जगणे कठीण होते, हे अपेक्षितच होते. पण बायकांची प्रकृती पुरुषांपेक्षा वाईट निघाली. जोडीदार हयात असलेल्यांचे, शिकलेल्यांचे आणि दोन पैसे बाळगून असलेल्यांचे बरे निघाले. आजार सर्वांनाच गाठतात, परंतु त्यांचा भार सारखा पडत नाही. शिक्षणापासून दूर ठेवल्या गेलेल्या समाजाने याकडे विशेष लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे येऊ. डॉक्टर सांगतात, पहाटे उठून तासभर चाला. उसाच्या पट्ट्यात हे बोलायला सोपे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावे लागले असा हा भाग. अंधारात एकट्याने बाहेर पडू नका, हे वनखाते सांगतच असते. तेव्हा शुगरच्या माणसाने ऊन वर आल्यावर शाळेच्या पटांगणात किंवा घराच्या अंगणातच फेऱ्या माराव्यात, त्यात कमीपणा नाही. दुसरी गोष्ट रात्रीच्या विजेची. मोटारीला वीज रात्रपाळीची असली की शेतकरी लवकर जेवून पाणी द्यायला जातो. इन्शुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर अशा वेळी एकदम उतरू शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि बांधावर कोणी नसते. अशाने खिशात गूळ किंवा साखर ठेवावी आणि सोबतीशिवाय जाऊ नये. पश्चिमेकडे आहुपे खोऱ्यात अडचण वेगळीच. पावसाळ्यात एसटीचा भरवसा नाही, घोडेगाव लांब पडते. म्हणून आषाढ लागण्यापूर्वीच महिनाभराच्या गोळ्या घरात असाव्यात. जेथे फ्रिज नाही तेथे इन्शुलिन ओल्या माठात, पाणी न लागेल असे बंद करून, सावलीत ठेवतात, तेही चालते. आणि घरी पथ्याचा स्वयंपाक कोणी करायचा? स्वतः बीपी असलेली बाईच सगळ्यांच्या भाकरी थापते आणि शेवटी उरेल ते खाते. वढूच्या पाहणीतला बायकांचा निष्कर्ष आम्हांला त्यामुळे नवा वाटला नाही.

अनेक आजारांत खरा घोळ औषधांचा होतो. शुगरचे डॉक्टर एक, गुडघ्याचे दुसरे, दम्याचे तिसरे, आणि मेडिकलवाला चौथा. गुडघ्यासाठी रोज घेतलेली वेदनाशामक गोळी रक्तदाब वाढवते व मूत्रपिंडाला इजा करते; मधुमेह व रक्तदाब असलेल्याला हा धोका अधिक. दम्यासाठी वा सांध्यांसाठी घेतलेल्या स्टिरॉइडने साखर चढते. रक्तदाबाच्या काही गोळ्या दम्याला सोसत नाहीत. नाव-गाव नसलेल्या ‘हमखास गुण’ देणाऱ्या पुड्यांत तर कधी कधी स्टिरॉइडच मिसळलेले सापडले आहे. उपाय साधा आहे. घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्यांसह, एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ओताव्यात आणि विचारावे: यांतली कोणती नको? फार वृद्ध व अनेक आजार असलेल्या माणसाची साखर थोडी वर राहिली तरी चालेल, असे डॉक्टरही ठरवतात, कारण ती एकदम उतरणे अधिक घातक असते. मात्र ते डॉक्टरांनी ठरवायचे. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी आपणच बंद करणे हा आपल्याकडचा सर्वांत मोठा रोग आहे.

या संदर्भात बाबासाहेबांचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि पुष्कळदा चुकीचे दिले जाते. त्यांना मधुमेह होता, रक्तदाब होता, पायांतल्या नसांच्या दुखण्याने झोप येत नसे, पुढे दृष्टीही मंदावली. १९५४ मध्ये ते काही महिने अंथरुणाला खिळून होते. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ ला ते नागपूरला उभे राहिले, नोव्हेंबरात काठमांडूच्या परिषदेत बोलले आणि ५ डिसेंबरच्या रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी जवळ मागवून घेतले होते. यावरून कोणी म्हणते, साहेबांनी आजाराची पर्वा केली नाही, मग आपण गोळ्या कशाला खायच्या? हे खरे नव्हे. ते उपचार घेत होते. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाल्यावर तर त्यांना घरातच वैद्यकीय देखरेख लाभली. त्यांच्यापुढे पुरे करायचे काम होते आणि त्यासाठी देह सांभाळणारे माणूस होते. आजारी माणसाला ‘शुगर किती?’ असे सगळेच विचारतात. ‘तुम्हांला अजून काय करायचे आहे?’ हे मात्र क्वचितच कोणी विचारते. नातवाला शाळेत पोचवणे, वर्षावासातल्या ग्रंथवाचनाला विहारात बसता येणे, स्वतःच्या हाताने न्हाणे, यांपैकी काहीही असू शकते. औषधोपचाराची दिशा त्यावरून ठरली पाहिजे.

सोयी अपुऱ्या आहेत, पण नाहीत असे नाही. तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, तेव्हा त्यांना टाळू नये. पुढे जुन्नर, नारायणगाव, घोडेगावची ग्रामीण रुग्णालये आणि मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आहे.

शेवटी आमच्या काउंटरवरची एक गोष्ट. दर नोव्हेंबरात पेन्शनर हयातीच्या दाखल्यासाठी येतात. ज्यांचे हात थरथरतात, बोटांना मुंग्या येतात, त्यांची सही जुळत नाही आणि स्वतःच्याच पैशासाठी त्यांना खजील व्हावे लागते. त्यांनी जाणून घ्यावे, की सही करता येत नसलेल्या आजारी खातेदाराला दोन साक्षीदारांसमोर अंगठा उठवून पैसे काढता येतात. साक्षीदार बँकेच्या ओळखीचे असावेत व त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. सत्तरीपुढील व अपंग खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना कळवले आहे. केंद्राच्या पेन्शनरांना हयातीचा दाखला २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्याही देता येतो. मोबाइल हाताळणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी या नोव्हेंबरात गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांचे हे काम करून दिले, तर त्यांची चार खेपांची एसटी वाचेल.