घोड्याचे चिलखत आणि ग्राहकाचा विवेक

एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या ‘बेथेस्डा’ या खेळनिर्मिती संस्थेने एका काल्पनिक घोड्याचे चिलखत विक्रीस काढले. ‘द एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन’ हा तिचा संगणकीय खेळ जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी बाजारात आला होता. अशा खेळात खेळणारा स्वतःचे पात्र घडवितो, शस्त्र वा मंत्रविद्या आत्मसात करतो आणि राजे, राक्षस व देवतांनी भरलेल्या एका अद्भुत प्रदेशात आपल्या मर्जीने संचार करतो. त्या संचारातील घोड्यास चिलखत चढवायचे असेल, तर मूळ खेळाच्या किमतीखेरीज आणखी अडीच डॉलर मोजावे लागणार होते. चिलखतामुळे घोडा रुबाबदार दिसे; कथा मात्र तसूभरही पुढे सरकत नसे. निरर्थक भर घालण्याला मराठीत खोगीरभरती म्हणतात. तो शब्द इतका शब्दशः खरा ठरल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण! खेळाडूंनी या विक्रीची यथेच्छ टिंगल केली. पुढे १ एप्रिल २००९ रोजी खुद्द बेथेस्डानेच या खेळाच्या इतर पुरवण्यांच्या किमती निम्म्यावर आणल्या, चिलखताची किंमत तेवढी दुप्पट केली आणि त्या टिंगलीत आपलाही वाटा उचलला.

थट्टा थट्टेच्या जागी ठीक आहे. परंतु चिलखताने उभा केलेला प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. मूळ खेळाचे दाम चुकते केल्यानंतर त्याच खेळाच्या ज्या पुरवण्या इंटरनेटवरून उतरवून घेण्यासाठी पुढे केल्या जातात (खेळाडूंच्या बोलीत त्यांना ‘डीएलसी’ म्हणतात), त्यांपैकी कोणत्या घ्याव्यात आणि कोणत्या नाकाराव्यात, हा तो प्रश्न होय. वरवर पाहता तो फावल्या वेळातील करमणुकीचा वाटतो. वस्तुतः निर्माता ग्राहकाचे काय देणे लागतो आणि ग्राहकाच्या आजच्या होकारातून उद्या काय निर्माण होणार आहे, याच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

पुरवणी ही कल्पना नवी नाही. ‘बाल्डर्स गेट’ या १९९८ सालच्या खेळाला १९९९ मध्ये ‘टेल्स ऑफ द सोर्ड कोस्ट’ ही पुरवणी निघाली होती. ती तबकडीवर भरून, खोक्यात घालून दुकानांतून विकली गेली. छपाई, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा एवढा खर्च सोसायचा, तर खोक्यात काही भरीव असणे भागच होते. एकटे चिलखत खोक्यात घालून विकणे कोणालाही परवडले नसते. २००५ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स ३६०’ हे यंत्र आले आणि घरबसल्या खरेदी करणे सोपे झाले. वितरणाचा खर्च नगण्य ठरला, आणि त्याबरोबर क्षुल्लक वस्तू विकण्यातील अडसरही दूर झाला. त्यातच या यंत्रावर पैसे थेट डॉलरांत न घेता ‘पॉइंटां’त घेतले जात. ऐंशी पॉइंट म्हणजे एक डॉलर, चिलखत दोनशे पॉइंटांचे, आणि पॉइंट घ्यायचे ते ठरावीक गठ्ठ्यांनीच. खरी किंमत चटकन ध्यानात येऊ नये आणि उरलेले पॉइंट खर्चून टाकण्याचा मोह व्हावा, अशीच ही रचना होती. मायक्रोसॉफ्टने ती पद्धत २०१३ मध्ये बंद केली; मोह मात्र बंद झाला नाही.

तरीही ‘पुरवणी म्हणजे लूट’ असा सरसकट निवाडा करणे अन्यायाचे होईल. ज्या खेळाने घोड्याचे चिलखत विकले, त्याच खेळाने मार्च २००७ मध्ये ‘शिव्हरिंग आइल्स’ ही पुरवणी दिली. तिची किंमत तीस डॉलर, म्हणजे चिलखताच्या बारा पट होती. एका उपसागरातील बेटावर एक विचित्र दार उघडते आणि त्यातून खेळणारा उन्मादाचा अधिपती शिओगोराथ याच्या राज्यात पोहोचतो. या राज्याचे दोन भाग आहेत. एका भागात वेडाची झगमगती, उल्हसित बाजू, तर दुसऱ्यात त्याच वेडाची काळोखी, संशयग्रस्त बाजू. भूप्रदेश निराळा, माणसे निराळी, विनोदाची जातही निराळी. आणि अखेरीस खेळणाऱ्यावर येऊन पडणारी जबाबदारी अशी, की त्याने आरंभी ज्याला हसण्यावारी नेले त्याच्याकडे पुन्हा गंभीरपणे पाहावे. अडीच डॉलरांची वस्तू महाग आणि तीस डॉलरांची स्वस्त, असा हा उलटा हिशेब आहे. किमतीचा आकडा हे मूल्यमापनाचे साधन नव्हे, हा त्यातील पहिला धडा.

दुसरा धडा कॅनडातील ‘बायोवेअर’ या संस्थेच्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ या खेळाने दिला. नोव्हेंबर २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हाच त्याच्या दोन पुरवण्या तयार होत्या. त्यांपैकी ‘वॉर्डन्स कीप’ सात डॉलरांची होती. प्रवासात थकलेले साथीदार ज्या तळावर विसावतात, एकमेकांशी सुखदुःखाच्या गोष्टी बोलतात, त्या तळावर लेव्ही ड्रायडन नावाचा गृहस्थ उभा असे. आपल्या घराण्याची गेलेली अब्रू परत मिळवून द्यावी, अशी विनवणी तो करी. खेळणाऱ्याचे मन द्रवले आणि त्याने होकार दिला, की पुढे येई ती खरेदीची मागणी! कथेतील आर्जव हे दुकानदाराचे आर्जव निघाले. सात डॉलर ही रक्कम फार मोठी नव्हे. परंतु ज्या विश्वासावर कोणतीही कथा उभी असते, त्या विश्वासालाच येथे तडा गेला. शिवाय जादा सामान ठेवण्याची पेटीदेखील याच पुरवणीत होती. जी सोय मूळ खेळातच असावयास हवी, ती बाहेर काढून तिची किंमत लावण्याचा हा प्रकार होता.

याच खेळाची दुसरी पुरवणी मात्र निराळ्या वर्गात मोडते. ‘द स्टोन प्रिझनर’मध्ये शेल नावाचा दगडी साथीदार मिळतो. तो संपूर्ण प्रवासात बरोबर चालतो आणि त्याच्या तिरकस शेऱ्यांनी मूळ कथेलाच रंगत येते. खेळाची नवी प्रत घेणाऱ्यास ती विनामूल्य होती. जुनी प्रत घेणाऱ्यास मात्र पंधरा डॉलर द्यावे लागत. हेतू जुन्या प्रतींच्या विक्रीला पायबंद घालण्याचा होता हे उघड आहे. तथापि साथीदार देणारी पुरवणी घ्यायची तर खेळाच्या आरंभीच घ्यावी, आणि कथेच्या पुढचा भाग सांगणारी पुरवणी मूळ कथा संपवून ती मनास भावली तरच घ्यावी, एवढे तारतम्य यातून निश्चित शिकता येते. हे तारतम्य सुटले की काय होते? २०१० मध्ये या खेळाच्या एकामागून एक पुरवण्या निघाल्या. ‘अवेकनिंग’ हा चाळीस डॉलरांचा मोठा विस्तार धरून त्या साऱ्यांची बेरीज मूळ खेळाच्या किमतीहून अधिक झाली. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, दुसरे काय! आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात या सर्वांचा एकत्र संच बाजारात आला. ज्यांनी धीर धरला त्यांचे पैसे वाचले. ज्यांनी निर्मात्यावर आरंभीच विश्वास टाकला त्यांना अधिक भुर्दंड बसला.

अधिक अवघड पेच ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’ या २०१४ सालच्या खेळाने निर्माण केला. त्याची ‘ट्रेसपासर’ ही पुरवणी सप्टेंबर २०१५ मध्ये आली. गुणवत्तेच्या दृष्टीने ती उत्तम होती; परंतु सोलास या साथीदाराच्या विश्वासघाताचा खरा उलगडा तीतच होता, आणि २०२४ मध्ये आलेला या मालिकेचा पुढचा खेळ त्याच उलगड्यावर उभा आहे. कादंबरीचे शेवटचे प्रकरण वेगळे बांधून विकावे, तसेच हे झाले. ते प्रकरण कितीही सुरेख असले तरी विक्रीची ही रीत सुरेख म्हणता येत नाही.

निर्मात्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. या खेळांचा निर्मितीखर्च सतत वाढत असताना अमेरिकेत मोठ्या खेळाची किंमत सुमारे पंधरा वर्षे साठ डॉलरांवरच स्थिर राहिली होती. शिवाय खेळाचा मजकूर पक्का झाल्यानंतर चाचणीचे काम चालू असते, तेव्हा लेखक व चित्रकार यांच्या हाताला काम नसते. पुरवणीमुळे ते मिळते. तेव्हा पहिल्याच दिवशी निघालेली प्रत्येक पुरवणी मूळ खेळातून कापून काढलेली असते, हा आरोप टिकणारा नाही. परंतु हीच गरज प्रामाणिकपणे भागविता येते, हे पोलंडमधील ‘सीडी प्रोजेक्ट रेड’ने दाखवून दिले. मे २०१५ मध्ये आलेल्या ‘द विचर ३’ या खेळाला तिने सोळा लहान पुरवण्या फुकट जोडल्या, आणि त्यांत घोड्याचा साजही होता! दाम मागितले ते फक्त दोन मोठ्या कथांचे. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ दहा डॉलरांना आणि ‘ब्लड अँड वाइन’ वीस डॉलरांना. दोहोंची आगाऊ नोंदणी सुरू करताना, शंका वाटत असेल तर आता घेऊ नका, परीक्षणे येईपर्यंत थांबा, असेच कंपनीने ग्राहकांना सांगितले. यातील ‘ब्लड अँड वाइन’ला २०१६ च्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट भूमिकाप्रधान खेळाचा मान मिळाला. एका पुरवणीने स्वतंत्र खेळांना मागे टाकले. क्षुल्लक ते फुकट आणि भरीव ते विकत, हा व्यवहार तोट्याचा नाही, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

या सर्वांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. तबकडी विकत घेणारा तिचा धनी होत असे. तो ती मित्राला देऊ शके, विकू शके. इंटरनेटवरून घेतलेली पुरवणी बहुधा विकली जात नाही; तिच्या वापराची केवळ परवानगी दिली जाते. कॅलिफोर्निया राज्याने याबाबत कायदा केला असून १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांना ही गोष्ट ग्राहकापुढे स्पष्टपणे मांडावी लागते. कायद्याने सत्य सांगण्यास भाग पाडले, हे चांगलेच झाले. पण सत्य कळल्यानंतर विचार करण्याचे काम कायदा करू शकत नाही.

तो विचार फारसा गहन नाही. ही पुरवणी नसती तर मूळ कथा अपुरी वाटली असती काय? आणि ही पुरवणी एकटीच पुढे ठेवली तर ती सांगण्याजोगी कथा ठरेल काय? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘होय’ असेल, तर पैसे खुशाल द्यावेत. कलावंताच्या श्रमाचे ते योग्य मोल आहे. अन्यथा थांबावे. एप्रिल २०२५ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ नव्या रूपात आला, तेव्हा ‘शिव्हरिंग आइल्स’ साध्या आवृत्तीतच अंतर्भूत होती. अधिक किमतीच्या आवृत्तीत मात्र घोड्यांसाठी नवी चिलखते होती. एकोणीस वर्षांच्या टिंगलीनंतरही चिलखत विकले जाते, याचे कारण ते विकत घेतले जाते. विक्रेत्यास दोष देणे सोपे आहे. परंतु कथा हवी की खोगीरभरती, याचा शेवटचा निर्णय खरेदीची कळ दाबणाऱ्या बोटाचाच असतो.