ट्रॅक्टरवरील दुसरी बॅटरी : सुरक्षित जोडणी कशी करावी?

गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी आटोपली की बांधीत अथवा खळ्यावर पुंजणे रचले जाते. मळणी होईपर्यंत त्याची राखण करावी लागते. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या गावांत तर रानडुकरांच्या भयाने रात्र-रात्र जागल करावी लागते. अशा वेळी ट्रॅक्टर जवळ उभा करून त्याच्याच बॅटरीवर दिवा लावला, तर रात्र उजेडात जाते. परंतु सकाळी सेल्फ मारावा, तो इंजिन दाद देत नाही.

यावर उपाय म्हणून काही शेतकरी बंधू दुसरी बॅटरी आणून ती पहिलीस तारांनी कायमची जोडून टाकतात. हा उपाय नव्हे. दिव्यामुळे दोन्ही बॅटऱ्या बरोबरच रित्या होतात. शिवाय भरलेल्या बॅटरीतून रित्या बॅटरीकडे एकदम मोठा प्रवाह वाहतो. तार बारीक असल्यास ती तापते, तिचे आवरण वितळते व ठिणगी पडते. शेजारी वाळलेले तणस असले म्हणजे वर्षाच्या श्रमाची राख व्हावयास कितीसा वेळ?

मूळ तत्त्व

बियाण्याचे धान आपण खाण्याच्या धानात मिसळत नाही. तोच नियम येथे लागू आहे. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या असाव्यात. ते बंद होताच त्या वेगळ्या व्हाव्यात. हे काम व्होल्टेज ओळखणारा रिले आपोआप करतो.

भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचे व्होल्टेज विश्रांतीत सुमारे १२.६ ते १२.७ असते. इंजिन चालू असता अल्टरनेटर ते साधारणतः १३.८ ते १४.४ पर्यंत नेतो. रिले सुमारे १३.३ व्होल्टला बॅटऱ्या जोडतो आणि सुमारे १२.८ ला तोडतो. त्यामुळे सेल्फचा भारी प्रवाह सहसा दुसऱ्या बॅटरीच्या तारेतून जात नाही.

जोडणीचे नियम

१. रिलेची तार तांब्याची व जाड असावी. १६ चौरस मिलिमीटरची तार व ६० अँपिअरचा फ्यूज असा मेळ ठेवावा. रिले त्याहून अधिक क्षमतेचा असावा.

२. फ्यूज दोन बसवावेत. प्रत्येक बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर एकेक. तार मध्येच घासून चासीस लागली, तर दोन्ही बाजूंनी प्रवाह येतो, हे विसरू नये. दिव्याच्या तारेस ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज द्यावा व दिवा दुसऱ्या बॅटरीवरच जोडावा.

३. ऋण तार चासीस जोडताना तेथील रंग व गंज खरवडून काढावा.

४. काढताना ऋण तार आधी काढावी. जोडताना ती शेवटी जोडावी.

५. बॅटरी घट्ट बांधून हवेशीर पेटीत ठेवावी. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीने भडकतो. म्हणून जवळ बिडी ओढू नये.

लिथियम बॅटरी या रिलेवर थेट जोडू नये. तिच्यासाठी वेगळा योग्य चार्जर लागतो.

रात्रीचा हिशेब

२० वॅटचा एलईडी दिवा १२ व्होल्टवर सुमारे १.७ अँपिअर घेतो. १० तासांत १७ अँपिअर-तास खर्च होतात. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये. म्हणजे दोन रात्री निभतात. विश्रांतीत व्होल्टेज १२.२ वर आले की दिवा बंद करावा. मात्र खर्च भरून काढण्यास अर्धा तास इंजिन चालवून भागत नाही. काही तासांचे काम हवे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावात एका ट्रॅक्टरवर ही जोडणी जाणत्या मिस्त्रीकडून करवून दाखवावी. इंजिन बंद व चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज मल्टीमीटरने सर्वांसमक्ष मोजावे. ट्रॅक्टर पुंजण्यापासून दूर उभा करून तार लांब घेण्याचा आग्रह धरावा. राखणीसाठी लावलेला दिवाच पुंजण्याचा काळ ठरू नये.