गाडी तेल पितेय? आधी आकडा मागा!

पालघर-बोईसरकडच्या सोसायट्यांमध्ये सकाळी एक गंमत बघायला मिळते. एकेक गाडी स्टार्ट होते आणि जुन्या गाडीच्या मागे निळसर धुराचा छोटासा ढग उभा राहतो. गाडीवाला शेजाऱ्यांची नजर चुकवून भुर्रकन निघून जातो! तुमच्याही गाडीचं असंच असेल, वर पिकअप गेला असेल, तर गॅरेजमध्ये ऐकायला मिळणारं वाक्य ठरलेलं आहे, ''इंजिन बसलंय, खोलायला लागेल.''

जरा थांबा. हे वाक्य खरंही असेल. पण ते नुसत्या धुराकडे बघून बोललेलं असेल, तर ते निदान नाही, अंदाज आहे. आणि असा अंदाज तुमचा दोन-तीन महिन्यांचा पगार सहज खाऊन टाकू शकतो.

घर ते स्टेशन, बस्स!

एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि इथल्या कित्येक गाड्यांचं काम 'घर ते स्टेशन' एवढंच उरलं. तीन-चार किलोमीटर चालायचं आणि दिवसभर पार्किंगमध्ये उभं राहायचं. तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्यांच्या गाड्यांचंही तेच. एवढ्याशा अंतरात इंजिन धड गरमच होत नाही. आतली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइलचा चिखल होतो आणि पिस्टनच्या रिंगा आपापल्या खाचेत चिकटून बसतात. मीटर म्हणतो गाडी तरुण आहे, इंजिन म्हणतं मी थकलो! म्हणून अशा गाडीचं ऑइल किलोमीटर मोजून नाही, महिने मोजून बदलायचं.

आजार दोन, गोंधळ एक

'कम्प्रेशन गेलंय' आणि 'तेल पितेय' ही दोन वाक्यं आपण एका दमात बोलतो. पण हे आजार वेगळे आहेत. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टननं नीट दाबलं, तरच ठिणगी पडल्यावर ताकद मिळते. हा दाब निसटायच्या मुख्य वाटा तीन : झिजलेल्या रिंगा, नीट न बसणारे व्हॉल्व्ह आणि फुटलेलं हेड गॅस्केट. ऑइल मात्र रिंगांमधून वर चढून जळू शकतं, तसंच व्हॉल्व्हच्या रबरी सीलमधून खाली गळूनही जळू शकतं. सील गेले असतील किंवा ऑइल खरवडणारी रिंग तेवढी चिकटली असेल, तर कम्प्रेशन ठणठणीत आणि तरी ऑइल गायब, असंही होतं!

वाघोबाच्या खिंडीतली परीक्षा

पहिली तपासणी फुकट आहे. पालघरहून मनोरला जाताना वाघोबाची खिंड लागते. मागे कुणी नाही हे बघून, उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवून अॅक्सिलरेटर सोडा. खाली आल्यावर पुन्हा दाबा आणि आरशात बघा. त्या क्षणी निळा धूर आला किंवा रात्रभर उभ्या गाडीनं सकाळी स्टार्ट होताना एकदाच धूर मारला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. चढावर जोर लावताना सतत निळा धूर येत असेल, तर संशय रिंगांवर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. गरम इंजिनातूनही पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंट आत जातंय.

सोबत ऑइलचा हिशेब ठेवा. डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत भरा, हजार किलोमीटरला किती टॉप-अप लागतं ते लिहा. पाव लिटर लागलं तर जुन्या इंजिनाला माफ आहे. लिटरभर लागलं तर दुखणं मोठं आहे.

गेज खोटं बोलत नाही

माझी २००४ ची चार सिलिंडरची हॅचबॅक सकाळी धूर मारायची, नंतर स्वच्छ. आयडलिंगला थरथरायची, चढावर दम सोडायची. पहिल्या गॅरेजनं बॉनेट उघडून पाच मिनिटांत इंजिन बांधायचा खर्च सांगितला. पालघरच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांनी मात्र डबीतून गेज काढलं. म्हणाले, ''ताई, आधी मोजू, मग बोलू.''

इंजिन गरम, बॅटरी फुल चार्ज, चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. मग एकेका सिलिंडरला गेज लावून सेल्फ मारायचा. आकडे आले १६८, १६५, ११२ आणि १६४ पीएसआय. बहुतेक जुन्या पेट्रोल इंजिनांना दीडशेच्या वरचा आकडा चांगला, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. इथे तिसरा साफ आजारी!

मग काकांनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये छोटा चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. ऑइलनं रिंगांच्या फटी तात्पुरत्या भरतात. आकडा उसळला असता तर दोष रिंगांचा. आमचा ११६ वरच अडला. म्हणजे गळती वर, व्हॉल्व्हमध्ये. हेड उतरवलं तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळालेली! नवा व्हॉल्व्ह, सगळे सील, नवं गॅस्केट. पुन्हा मोजलं तेव्हा १६२. खालच्या पिस्टनला हातही लावला नाही आणि पहिल्या गॅरेजच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शात काम झालं.

ठेवायची की काढायची?

प्रश्न फक्त पैशांचा नाही. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं. एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांची फी ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १०,००० झाली. शिवाय जळणारं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं आणि पीयूसीत नापास करतं ते वेगळंच. तेव्हा रिंगा-बोअर खरोखर संपले असतील, तर घरची लाडकी गाडी असली तरी तिला निरोप देणं शहाणपणाचं. पण दोन-चार सील आणि एका व्हॉल्व्हपायी चांगली गाडी भंगारात घालणं? छे!

गॅरेजमध्ये हे विचाराच

- प्रत्येक सिलिंडरचा आकडा किती? कागदावर लिहून द्या.
- ऑइल टाकून पुन्हा मोजलं का? आकडा वाढला का?
- शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आहेत? मधलं हेड गॅस्केट बघितलं का?
- सगळेच सारखे कमी आहेत? टायमिंग बेल्ट दातावरून सरकला नाही ना?
- पीसीव्ही व्हॉल्व्ह साफ केला का? तो चोंदला तरी ऑइल जळतं, आणि हे काम सगळ्यात स्वस्त.

या प्रश्नांवर मेकॅनिक वैतागला, तर दुसरं गॅरेज शोधा. गेज काढायला उठला, तर त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा!