सांकेतिक भाषा (बुद्धिमत्ता चाचणी)

सांकेतिक भाषा हा बुद्धिमत्ता चाचणीतील एक प्रश्नप्रकार आहे. महाराष्ट्रातील शिष्यवृत्ती परीक्षेपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत तो आढळतो. अक्षरांना अंक, चिन्हे किंवा दुसरी अक्षरे नेमलेली असतात; तो नियम ओळखून परीक्षार्थीने नवा शब्द उलगडायचा असतो. ‘कमळ’ म्हणजे ५२७ आणि ‘मगर’ म्हणजे २४९ असेल, तर ‘गरम’ म्हणजे ४९२.

या प्रकाराचा गणिती आधार एकास-एक संगती हा होय. प्रत्येक अक्षराला एकच संकेत व प्रत्येक संकेताला एकच अक्षर असावे लागते. हिब्रू लिपीतील प्राचीन ‘अतबाश’मध्ये पहिल्या अक्षराची जोडी शेवटच्याशी, दुसऱ्याची उपान्त्य अक्षराशी लावतात, त्यामुळे लिहिण्याची आणि उलगडण्याची रीत एकच राहते.

उदाहरणे अपुरी असली की प्रश्न सदोष ठरतो. इंग्रजी वर्णमालेत ‘बी’चा संकेत ‘डी’ एवढेच दिले, तर नियम ‘दोन घरे पुढे’ असेल किंवा ‘क्रमांकाची दुप्पट’ही असेल. ‘ई’साठी मग ‘जी’ आणि ‘जे’ ही दोन्ही उत्तरे बसतात. वास्तविक २६ नंतर पुन्हा आरंभापासून मोजू लागल्यास दुप्पटीच्या नियमाने ‘ए’ (१) व ‘एन’ (१४) या दोहोंना ‘बी’ हाच संकेत मिळतो, म्हणजे एकास-एक संगती मोडते. पण ही अट प्रश्नात लिहिलेली नसेल, तर परीक्षार्थीला दोष देता येत नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेप्रमाणे चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होत असतील, तर त्याचे नुकसान दुहेरी होते. ‘एफ’चा संकेत ‘एच’ हे आणखी एक उदाहरण दिले असते, तरी दुप्पटीचा नियम तेथेच बाद झाला असता.