फोटोत आजी ओळखू येईना!

(जुन्या, स्वस्तातल्या डिजिटल कॅमेऱ्यांची आणि त्यांच्या रंगांची घरगुती पारख)

आमच्या चाळीतल्या एका आजींचे मागच्या पावसाळ्यात निधन झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो लागतो म्हणून घरच्यांनी पेटी उघडली. आजींचा एकटीचा असा एकच फोटो निघाला, तोही नातीच्या लग्नातला. तो मोठा करून, चौकटीत बसवून, हार घालून पुढे ठेवला. पाच वर्षांचा पणतू बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ही कोण?"

"अरे, आपली मोठी आजी."

"ही मोठी आजी नाही."

पोराचे चुकले नव्हते. आजी काळ्यासावळ्या. तीस वर्षे बांधकामावर पाट्या वाहून उन्हाने रापलेल्या. कपाळावर आडव्या तीन रेषा, हनुवटीवर गोंदण. फोटोतली बाई मात्र गोरीपान, कपाळ गुळगुळीत, गोंदण पुसलेले. लग्नाचा अल्बम 'छान' करून देताना स्टुडिओवाल्याने सगळे वऱ्हाडच गोरे करून टाकले होते. त्याचा हेतू वाईट नसेल, गिऱ्हाईक हेच मागते असे तो म्हणेल. पण या घरात दुसरा फोटोच नव्हता!

त्या दिवसापासून आम्हांला एका प्रश्नाने घेरले. माणसाचा रंग आहे तसा टिपणारा, आपल्या ऐपतीतला कॅमेरा कोणता? चाळीत चौकशी केली, तर घरोघरच्या कपाटांतून चार कॅमेरे बाहेर आले. कोणी हप्त्याने घेतलेला, कोणाला दुबईच्या मेहुण्याने दिलेला. मोबाईल हातात आल्यावर सगळे बाजूला पडलेले. कॅननचा इक्सस ७० आणि सोनीचा सायबर-शॉट डब्ल्यू ५५ हे दोन्ही २००७ सालचे, निकॉनचा कूलपिक्स एल १८ हा २००८ चा, आणि कोडॅकचा एक ईझीशेअर.

"काका, मोबाईल असताना हा खटाटोप कशाला?" असे चाळीतल्या मुलांनी विचारलेच. प्रश्न रास्त आहे. रात्रीच्या अंधारात आजचा साधा मोबाईलही या जुन्या कॅमेऱ्यांना मागे टाकतो, हे आम्ही आधीच कबूल करतो. पण बऱ्याच मोबाईलांत 'ब्यूटी' नावाची सोय असते आणि काहींत ती आधीपासूनच चालू असते. ती न विचारता कातडी उजळते, सुरकुत्या पुसते. म्हणजे स्टुडिओवाल्याचेच काम! शिवाय मोबाईल ज्याचा त्याच्या खिशात जातो. घरातल्या बाईमाणसाच्या हाती घरचा म्हणून राहतो तो कॅमेरा. आणि घरात पडून असेल, तर त्याला पैसेही पडत नाहीत. अलीकडे कॉलेजच्या मुलांना या जुन्या कॅमेऱ्यांचे वेड लागले आहे, त्यामुळे त्यांचे भाव चढले आहेत. भंगारवाल्याला देण्याआधी हे ध्यानात असू द्यावे.

प्रथम मेगापिक्सेलचे भूत उतरवू. दुकानदार आठ, बारा, वीस असे आकडे सांगतो आणि आपण मोठ्या आकड्याला भुलतो. हिशेब साधा आहे. चार बाय सहा इंचाचा फोटो छापायला इंचाला ३०० ठिपके धरले, तरी १८०० गुणिले १२००, म्हणजे सुमारे २२ लाख ठिपके लागतात. दोन मेगापिक्सेल झाले की काम भागले. भिंतीवरच्या आठ बाय बारा इंचाच्या फोटोला इंचाला २०० ठिपके धरले, तर चार मेगापिक्सेलच्या आतच भागते. इक्सस आणि सोनी सात मेगापिक्सेलचे, निकॉन आठचा. छापील फोटोत हा फरक कोणालाही दिसला नाही. या तिघांत प्रकाश टिपणारी जी चकती आहे, ती एकाच मापाची आहे, जेमतेम पावणेसहा मिलिमीटर रुंद. करंगळीच्या नखाहूनही लहान. तेवढ्याच जागेत जास्त ठिपके दाटीवाटीने बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि अंधारात फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. चकती सारखी, काच बरी. मग फरक पडतो कुठे? कॅमेऱ्याच्या पोटात रंगांचा जो हिशेब होतो, तिथे.

तो हिशेब तपासायला रंगांचा एखादा तक्ता हवा होता. बाजारात असे तक्ते मिळतात, पण महाग. मग लक्षात आले की तक्ता तर घरातच आहे! १८८५ साली कोलंबोत पहिल्यांदा फडकलेला पंचरंगी धम्मध्वज. निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारिंगी. सकाळी आठच्या उन्हात गॅलरीच्या कठड्याला ध्वज बांधला, शेजारी आजींच्या थोरल्या लेकीला, आमच्या ताईंना, पांढऱ्या साडीत बसवले आणि चारही कॅमेऱ्यांनी एकाच जागेवरून फोटो काढले.

काहीच न बदलता काढलेल्या फोटोंत कॅननचा रंग आम्हांला सर्वांत सरस वाटला. निळा निळाच, लाल आणि नारिंगी वेगवेगळे, ताईंचा चेहरा किंचित उबदार. सोनीचा फोटो रेखीव, पण थंड. चेहऱ्यावर राखाडी छटा. निकॉन मधला, न भडक न फिका. कोडॅकने ध्वज असा रंगवला की मुलांनी टाळ्याच वाजवल्या, पण ताईंचे गाल विटकरी झाले. जुने सीसीडी चकतीचे कॅमेरे म्हणजे रंग आपोआप सुंदर, अशी एक समजूत हल्ली पसरली आहे. आमच्या समोरचे चार फोटो एकमेकांशी जुळत नव्हते. तेव्हा हे श्रेय एकट्या चकतीला देता येत नाही.

नंतर आम्ही 'व्हिव्हिड' हा रंगप्रकार लावून पाहिला. तो कॅननमध्ये आहे, सोनीत आहे, निकॉनमध्येही आहे. मेनूत 'कलर' किंवा 'माय कलर्स' या नावाखाली शोधावा. व्हिव्हिडने निळे आकाश खुलते, झेंडूची माळ खुलते. पण ध्वजाचा लाल पट्टा नारिंगीत मिसळू लागला आणि सावळा चेहरा तांबूस झाला. देखाव्यासाठी व्हिव्हिड ठीक, माणसांसाठी नको. कॅननचा 'न्यूट्रल' आणि सोनीचा 'नॅचरल' हे प्रकार उलट रंग शांत करतात. फोटो पहिल्यांदा जरा फिका वाटतो, पण कातडी कातडीसारखी दिसते. घरच्या माणसांसाठी आम्ही हाच प्रकार सुचवू, नाहीतर काहीच न लावलेले उत्तम.

इक्ससच्या याच यादीत आणखी दोन नावे आहेत आणि ती वाचून आम्ही थोडे थांबलो. 'लायटर स्किन टोन' आणि 'डार्कर स्किन टोन'. कातडी उजळ करा किंवा गडद करा! ताईंनी दोन्ही लावून आपलेच फोटो पाहिले. उजळवाला बघून म्हणाल्या, "ही माझी जाऊबाई वाटते." मग कॅमेरा बाजूला ठेवत म्हणाल्या, "आईला असंच केलं त्यांनी."

ही खोड आजची नाही. रंगीत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी एक नमुना-कार्ड पुरवीत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे आणि त्या कार्डाला 'शर्ली' म्हणत. तिची कातडी बरोबर आली की यंत्र बरोबर, अशी रीत कित्येक वर्षे चालली. काळ्या माणसांचे चेहरे मात्र त्यात काजळासारखे उमटत. डोळे आणि दात तेवढे दिसत. कॅनडातील संशोधक लोर्ना रॉथ यांनी २००९ साली यावर सविस्तर लिहिले. गडद तपकिरी छटा फिल्मवर नीट येत नाहीत म्हणून तक्रार केली ती चॉकलेटवाल्या आणि लाकडी सामानवाल्या कंपन्यांनी, असे त्यांना कोडॅकच्या जुन्या माणसांकडून कळले. चॉकलेटसाठी झाले, माणसांसाठी नव्हे! निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड १९९० च्या दशकात आले. पुढे २०१२ साली कोडॅकने डिजिटल कॅमेरे करणेच बंद केले. आज कोडॅक नावाने जे छोटे पिक्सप्रो कॅमेरे मिळतात, ते दुसरी कंपनी परवाना घेऊन काढते.

पण सगळा दोष रंगप्रकाराचा नसतो. आपल्याकडे अडचण आणखी एक आहे, ती पांढऱ्या कपड्यांची. लग्न असो, वंदना असो, सहा डिसेंबरची चैत्यभूमी असो, आपण पांढऱ्यात असतो. समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम करड्या रंगाचे आहे, असे धरून कॅमेरा प्रकाशाचे माप काढतो. चौकटभर पांढऱ्या साड्या आल्या की तो समजतो प्रकाश फार झाला आणि फोटो काळवंडून टाकतो. साडी मळकी दिसते आणि सावळा चेहरा तर बुडतोच. चारही कॅमेऱ्यांनी हेच केले, कोणी कमी, कोणी जास्त.

याला औषध आहे आणि ते फुकट आहे. मेनूत किंवा बटणावर अधिक-उण्याची खूण असते, तिला एक्सपोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. ती शून्यावरून अधिक दोन-तृतीयांशावर न्यावी. ताईंचा चेहरा एकदम उघडला, साडीही पांढरी झाली. अधिक एकवर नेले तेव्हा मात्र साडीच्या निऱ्या आणि काठ दिसेनासे झाले. पांढऱ्यात एकदा तपशील गेला की तो कशानेही परत येत नाही, तेव्हा हात आवरता घ्यावा. भर उन्हात डोळ्यांखाली सावल्या पडतात, तिथे फ्लॅश मुद्दाम चालू करून सात-आठ फुटांवरून फोटो काढावा. दिवसा फ्लॅश म्हटले की लोक हसतात, हसू द्यावे.

संध्याकाळी खोलीत ट्यूबलाइटखाली परत बसलो. सोनीने भिंत हिरवट केली. पिवळ्या बल्बखाली निकॉनने सगळ्यांना कावीळ झाल्यासारखे दाखवले. इथे 'व्हाइट बॅलन्स' बघावा लागतो. त्यात ऊन, ढग, बल्ब, ट्यूब अशी चित्रे असतात. ज्या दिव्याखाली बसलो तो निवडावा. कॅनन आणि निकॉनमध्ये याहून बरी सोय आहे. कोरा पांढरा कागद दाखवून 'हा पांढरा' असे कॅमेऱ्याला सांगता येते. आम्ही आधी ताईंची साडीच दाखवली, तर चेहरे पिवळट आले. कारण शोधताना ताईच म्हणाल्या, "अहो, साडी निळीत काढलीय!" निळसर पांढऱ्याला शुद्ध पांढरे मानून कॅमेऱ्याने सगळीकडून निळा काढून घेतला होता. तेव्हा कागदच घ्यावा.

आयएसओ आपोआप वर सोडू नये. खोलीत ४०० पर्यंत चालते. ८०० ला निकॉनचे दाणे दिसू लागले आणि सोनीने दाणे लपवताना केस चिखलासारखे केले.

नवा-जुना घ्यायचाच असेल, तर मुंबईत फोर्टच्या बोराबाजारात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. जाताना आपले कार्ड घेऊन जावे. जुन्या सोनीला मेमरी स्टिक लागते, ती शोधावी लागते. एल १८ साध्या पेन्सिल सेलवर चालतो, तरी पुन्हा भरता येणारे सेल घ्यावेत. साधे भराभर संपतात. इक्ससची बॅटरी फुगलेली नाही ना, हे काढून बघावे. २००२ ते २००४ च्या सुमाराच्या बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत चकती बिघडण्याचा दोष निघाला होता. चित्र जांभळे किंवा काळे येत असेल तर हात लावू नये. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून त्यावर डाग आहेत का, तेही पाहावे. चौघांतून एक निवडा म्हणाल, तर आम्ही इक्सस निवडू आणि त्याची उजळ कातडीवाली सोय कधी उघडणार नाही.

फोटो छापायला दिल्यावरही गाठ आहे. लॅबचे यंत्र स्वतःच रंग आणि उजेड 'सुधारते'. काउंटरवर स्पष्ट सांगावे, ऑटो करेक्शन करू नका.

हे आम्ही शिकलो ते एका फोटोमुळे. तो इक्सस आजींच्याच घरातला. तपासणीसाठी त्याचे कार्ड उघडले, तर आत जुने शंभरेक फोटो होते आणि त्यांत एक आजींचा. गॅलरीत पांढऱ्या साडीत उभ्या, मागे ऊन, चेहरा जवळजवळ काळा. म्हणूनच कोणी तो कधी छापला नसावा. नातवाने मोबाईलवर फक्त सावलीचा भाग उचलला, बाकी कशाला हात लावला नाही. पहिल्यांदा लॅबने त्यावरही आपली सुधारणा केली आणि आजी पुन्हा फिक्या झाल्या. दुसऱ्यांदा बजावून दिला. या वेळी कपाळावरच्या तिन्ही रेषा आल्या, गोंदण आले. दाणे थोडे आहेत, ते असू देत.

फोटोच्या कोपऱ्यात १ जानेवारी २००७ अशी तारीख आहे. ती चुकीची आहे, कॅमेऱ्यात तारीख कोणी लावलीच नव्हती. ताईंनी साडीचा काठ निरखून सांगितले, "ही मी पहिल्या बोनसमधून घेतलेली. म्हणजे २००९ ची दिवाळी." पणतूने तो फोटो शाळेच्या वहीत ठेवायला मागितला आहे, म्हणून आणखी एक प्रत काढायला टाकली आहे.